पाइप गॅसचा मीटर वाचताना लाल आकडे सोडा

घरच्या पाइप गॅसच्या मीटरवर बहुधा आधी काळे आणि मग लाल चौकटीतले आकडे असतात. काळे आकडे म्हणजे पूर्ण घनमीटर, लाल म्हणजे त्याचे दशांश. ०१२३४ नंतर लाल ५६७ दिसले, तर वाचन १२३४.५६७ घनमीटर. बिलासाठी वाचन स्वतः कळवताना फक्त काळे आकडे द्यायचे. लाल तीन आकडे त्यातच जोडून १२३४५६७ कळवलं, की वाचन हजारपट होतं!

फोटो काढताना मीटरचा क्रमांकही त्यात येऊ द्या. इमारतीच्या डक्टमध्ये मीटर ओळीने असतात आणि शेजाऱ्याचा वाचला जाणं सहज घडतं.

लाल आकड्यांचा खरा उपयोग गळती शोधायला. शेवटचं लाल चाक लिटर दाखवतं. शेगडी आणि गिझर बंद करा, पण मीटरजवळचा व्हॉल्व्ह उघडाच ठेवा, नाहीतर तपासणीला अर्थ नाही. आकडे टिपून अर्ध्या तासाने पुन्हा पाहा. चाक जरासंही सरकलं असेल तर व्हॉल्व्ह बंद करून गॅस कंपनीच्या आपत्कालीन क्रमांकावर फोन करा. वास येत असेल तर हे प्रयोग करत बसू नका. खिडक्या उघडा, विजेच्या बटणांना हात लावू नका आणि फोन घराबाहेर जाऊन करा.

सिलिंडरशी तुलना करायची तर १४.२ किलो एलपीजीइतकी उष्णता साधारण १८ घनमीटर पाइप गॅसमध्ये मिळते. किलो आणि घनमीटरचे दर थेट शेजारी मांडले की हिशेब चुकतो.