मॉड्यूल बदलताना रिव्हिजनच्या या चुका टाळा

यंत्रे चालवणाऱ्या कंट्रोलरच्या रॅकमध्ये बसणाऱ्या कार्डाचा, म्हणजे मॉड्यूलचा, कॅटलॉग क्रमांक जुळला म्हणजे मॉड्यूल जुळले, हा समज गोव्यातील वेर्णा आणि कुंडईच्या कारखान्यांत मला आजही भेटतो. रॉकवेलच्या कंट्रोललॉजिक्स या कंट्रोलरमालिकेत त्या क्रमांकापुढचे सिरीजचे अक्षर हार्डवेअरची पिढी सांगते, तर 3.005 यासारखा आकडा फर्मवेअरचे, म्हणजे मॉड्यूलच्या आतील सॉफ्टवेअरचे, मेजर (3) आणि मायनर (005) रिव्हिजन दाखवतो. शिवाय लेबलावरचा आकडा मॉड्यूल तयार झाले तेव्हाचा असतो. पुढे कोणी ते फ्लॅश करून फर्मवेअर बदलले असेल, तर लेबल ते सांगत नाही.

वेर्ण्यातील एका औषध कारखान्यात जुलैच्या एका रात्री कोटिंग मशीनचे अॅनालॉग इनपुट कार्ड गेले. स्टोअरमधून आणलेल्या एकमेव स्पेअरचे मायनर रिव्हिजन वरचे होते आणि प्रोजेक्टमध्ये कीइंगसाठी, म्हणजे बसवलेले कार्ड योग्य आहे का या कंट्रोलरच्या तपासणीसाठी, ‘एक्झॅक्ट मॅच’ (तंतोतंत जुळणी) निवडलेले असल्यामुळे 16#0116, म्हणजेच रिव्हिजन न जुळल्याचा कोड आला. ‘कम्पॅटिबल’ (सुसंगत असले तरी चालेल) निवडले असते, तर बहुधा ते कार्ड मुकाट्याने चालले असते. पण व्हॅलिडेटेड, म्हणजे तपासून प्रमाणित केलेल्या, लाइनवर असा बदल मंजुरीशिवाय करता येत नाही. आमच्या उत्साही कनिष्ठ सहकाऱ्याने मला न विचारता वर्कशॉपमधील सुट्या रॅकवर, यूपीएस नसलेल्या साध्या प्लगवर, स्पेअरचे फर्मवेअर जुन्या रिव्हिजनवर आणायला घेतले. बाहेर पाऊस कोसळत होता, वीज गेली, आणि ती परत आल्यावर कार्डाचा ‘ओके’ दिवा जो लाल झाला तो लालच राहिला. मशीन दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत बंद होते. गोव्यात पावसाळ्यात वीज जाणार, हे ज्याला कोणी सांगावे लागते त्याच्या हाती फ्लॅशिंग देऊ नये.

‘डिसेबल कीइंग’, म्हणजे ही तपासणीच बंद करणे, हा त्याहून घातक आडमार्ग आहे. कोड नाहीसा होतो आणि घाईतला माणूस निश्चिंत होतो. पण तपासणीच बंद केल्यामुळे उद्या चुकीचे कार्ड बसले, तरी कंट्रोलर त्याला अडवेलच असे नाही. ही निवड मी कायम ठेवलेली नाही आणि ठेवूही देत नाही.

स्टुडिओ 5000 या प्रोग्रामिंग सॉफ्टवेअरमधील प्रोजेक्टचे मेजर रिव्हिजन कंट्रोलरच्या मेजर रिव्हिजनशी जुळले पाहिजे, अन्यथा डाउनलोड होणार नाही. सीमेन्सच्या एस7-400एच या, एक बंद पडल्यास दुसऱ्याने काम सांभाळणाऱ्या कंट्रोलरजोडीत दोन्ही सीपीयूंचा ऑर्डर क्रमांक आणि फर्मवेअर सारखेच हवे.

नवे स्पेअर आले की ते रॅकमध्ये लावून आरएसलिंक्स या कंट्रोलरशी जोडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिसणारे रिव्हिजन मी मास्किंग टेपवर तारखेसह पेन्सिलीने लिहितो आणि ती पट्टी मॉड्यूलच्या बाजूला चिकटवतो, कारण खोके पहिल्याच दिवशी हरवते.