डिस्ट्रिक्टच्या बजेटमध्ये कॉलेजच्या तयारीला किती पैसे आहेत ते कसं शोधायचं

अमेरिकेत घर घेताना आपण सगळे शाळेचं रेटिंग बघतो, पण दरवर्षी एवढा प्रॉपर्टी टॅक्स भरूनही स्कूल डिस्ट्रिक्टचं, म्हणजे आपल्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्थेचं, बजेट उघडून बघणारे आपल्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच. बघा एकदा, वाटतं तेवढं अवघड नाहीये.

पीडीएफ डिस्ट्रिक्टच्या साइटवर असते, जाडजूड असली तरी सगळी वाचायची नसते. आधी जनरल फंड शोधा. शाळेचा रोजचा खर्च त्यातून चालतो आणि त्यातला साधारण ८० टक्के पगार आणि बेनिफिट्सवर जातो, म्हणजे खरा प्रश्न कुठली माणसं ठेवायची हाच. नवीन स्टेडियम झालं की ग्रुपवर कोणीतरी हमखास लिहितं की एवढ्यात चार काउंसेलर (मुलांना विषय निवडायला, कॉलेजच्या अर्जांना मदत करणारे) आले असते. नसते आले हो! स्टेडियम सहसा बॉण्डमधून, म्हणजे डिस्ट्रिक्टने काढलेल्या कर्जातून होतं, तो पैसा बांधकामाचा, त्यातून पगार देता येत नाहीत, त्यामुळे बजेट मंजूर करणाऱ्या स्कूल बोर्डासमोर हा मुद्दा काढलात तर पहिल्याच मिनिटाला गार व्हाल.

मग आपल्या शाळेचा आकडा काढा. २०१५ च्या एव्हरी स्टुडंट सक्सीड्स अ‍ॅक्टमुळे कुठल्या शाळेत दर मुलामागे किती खर्च झाला ते राज्याच्या, शाळांची माहिती देणाऱ्या रिपोर्ट कार्डवर द्यावंच लागतं. शेजारच्या शाळेला जास्त मिळतात म्हणून लगेच भांडायला जाऊ नका, तिथे गरीब घरातली मुलं जास्त असतील तर टायटल वनचे, म्हणजे अशा शाळांसाठीचे केंद्र सरकारचे, पैसे जातात आणि ते जायलाच हवेत, शिवाय जुने शिक्षक जास्त असले की पगारही जास्त.

आता मुख्य, कॉलेजची तयारी. मी तरी सगळ्यात आधी काउंसेलर मोजेन. हायस्कूलची पटसंख्या भागिले काउंसेलर, बस. स्कूल काउंसेलरांची राष्ट्रीय संघटना एका काउंसेलरमागे २५० मुलं म्हणते, तुमच्याकडे ४०० निघाली तर समजा की कॉलेजच्या फॉर्मबद्दल, फायनान्शियल एडबद्दल नीट बोलायला कोणाला वेळच नाहीये, आणि आहे तो वेळही टाइमटेबल बदलण्यात आणि परीक्षांच्या व्यवस्थेत जातो का तेही विचारा.

दुसरी गोष्ट म्हणजे गणित विषय, आणि तो मिडल स्कूलमध्ये बघायचा. नववीत अल्जेब्रा वन, दहावीत जॉमेट्री, अकरावीत अल्जेब्रा टू, बारावीत प्रीकॅल्क्युलस, संपलं. कॅल्क्युलस हवं तर अल्जेब्रा आठवीतच सुरू झालेलं बरं. आपण बाहेर क्लास लावून भागवतो पण ज्यांना ते परवडत नाही त्यांना शाळेतला तासच. कुठल्या मिडल स्कूलमध्ये आठवीत अल्जेब्रा आहे, किती मुलं बसतात, शिक्षक किती, हे विचाराच.

एपीचे (हायस्कूलमध्येच शिकायचे कॉलेजच्या पातळीचे) किती विषय आहेत याला फारसं महत्त्व नाही, किती मुलं घेतात आणि परीक्षेत ५ पैकी ३ किंवा वर किती जणांना मिळतात ते बघा. ग्रॅज्युएशन रेटवरही जाऊ नका, डिप्लोमा मिळूनही काहींना कॉलेजात रेमेडियल गणित, म्हणजे शाळेचंच गणित पुन्हा, घ्यावं लागतं, त्याची फी भरायची आणि डिग्रीला क्रेडिट सहसा शून्य. त्यापेक्षा किती मुलं कॉलेजच्या दुसऱ्या वर्षापर्यंत टिकली ते मागा, कॉलेजांतल्या प्रवेशांची माहिती ठेवणाऱ्या नॅशनल स्टुडंट क्लिअरिंगहाऊसकडून बरीच डिस्ट्रिक्ट्स हे आकडे घेतात.

वेळ मात्र पाळा. बहुतेक ठिकाणी आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं, म्हणून मे-जूनमध्ये बोर्डाच्या बैठकीला जाऊन फारसा उपयोग नाही, तोवर बहुतेक सगळं ठरलेलं असतं. जानेवारी-फेब्रुवारीत जा. पब्लिक कमेंटला, म्हणजे बैठकीत लोकांना बोलायला, जेमतेम दोन-तीन मिनिटं मिळतात, त्यात एकच मागणी करायची आणि पान नंबर सांगायचा, "पान अमुकवर काउंसेलरची एक जागा कमी केलीय, ती का आणि त्याऐवजी कुठला खर्च वाढवलाय?" एवढंच. आदल्या आठवड्यात बोर्ड मेंबरला ईमेल टाकून ठेवा.

आणि हो, व्हिसावर आहोत म्हणून गप्प बसू नका, बोलायला सिटिझन असावं लागत नाही. मत देता येत नाही एवढंच, आणि सॅन फ्रान्सिस्कोत तर नागरिक नसलेल्या पालकांनाही स्कूल बोर्डाच्या निवडणुकीत मत देता येतं.