जुन्या वाड्यातल्या भुताच्या गोष्टी कशा टिपून ठेवाव्यात

पन्हाळ्यावरच्या काही जुन्या घरांत माडीवरच्या खोल्या पाहुण्यांना मुक्कामासाठी दिल्या जातात. अशा घरात रात्र काढण्याचा योग आला, तर तिथल्या भुताच्या गोष्टी ऐकून लिहून ठेवाव्यात, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे, कारण त्या नीट सांगू शकणारी माणसे आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत आणि त्यांच्या नातवंडांना त्या अर्ध्याच माहीत असतात.

यजमानांना ‘इथे भूत आहे का?’ असे मात्र कधीही विचारू नये. पहिल्या खेपेला मी हाच प्रश्न केला आणि ‘तसलं काही नाही’ एवढ्यावर बोलणे संपले. ज्यांचे घर मुक्कामाला येणाऱ्यांवर चालते, त्यांच्याकडून दुसरे उत्तर येणार तरी कसे? त्याऐवजी घरातले नेम विचारावेत. कोणत्या खोलीत बाळंतिणीला ठेवत नाहीत, तिन्हीसांजेला कोणत्या दाराला आधी कडी लागते, अमावास्येला नारळ कुठे फुटतो, हे विचारले की माणसे मोकळेपणाने सांगतात, आणि गोष्ट त्या नेमाच्या पोटातूनच बाहेर येते. दुसऱ्या खेपेला त्याच घरातल्या आजी, परसदारी शेंगा निवडता निवडता, आपणहून म्हणाल्या, “दिवं लागल्यावर मागचा जिना कुणी झाडत न्हाई. आषाढी पुनवंला तिथनं पालखी जाती. भोई दिसत न्हाईत, नुसती पावलं ऐकू येत्यात.”

अशा वेळी मधे बोलू नये. ‘कोणाची पालखी?’ हा एकच प्रश्न मी बराच वेळ थांबून विचारला. आजी म्हणाल्या, “शिवाची. ती माघारी आली न्हाई न्हवं.”

इथे इतिहास माहीत असणे उपयोगी पडते. १६६० साली सिद्दी जौहरने पन्हाळ्याला वेढा घातला होता. १२ जुलैच्या रात्री, म्हणजे आषाढ पौर्णिमेला, शिवाजी महाराज भर पावसात गडावरून निसटले, आणि महाराजांचा वेश घेऊन दुसऱ्या पालखीत बसलेले शिवा काशीद शत्रूच्या हाती सापडून मारले गेले. दुसऱ्या दिवशी विशाळगडाजवळच्या घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि बांदल मावळे पडले, आणि पुढे ती खिंड पावनखिंड म्हणून ओळखली जाऊ लागली. आजींच्या गोष्टीतली तिथी या घटनेशी जुळते. पण सगळ्याच गोष्टी अशा जुळणार नाहीत. कोणी पावनखिंडीची लढाई पन्हाळ्याच्या उतारावरच आणून ठेवील, कोणी त्या रात्री अमावास्या होती असे सांगेल. सांगणाऱ्याला तिथल्या तिथे दुरुस्त करू नये. वहीच्या डाव्या पानावर त्याचे शब्द जसेच्या तसे लिहावेत आणि उजव्या पानावर तारीख, तिथी, अंतर आपण स्वतः पडताळून मांडावे. ही दोन पाने एकमेकांत मिसळली, तर ना धड गोष्ट उरते ना इतिहास.

शब्दांच्या बाबतीत तर फारच जपावे. मुंजा, हडळ, खवीस, समंध, चकवा ही एकाच वस्तूची नावे नाहीत: मुंज झालेला पण लग्नाआधी गेलेला मुलगा मुंजा होऊन पिंपळावर राहतो, तर चकवा माणसाला रात्रभर एकाच रानात फिरवतो. सांगणारा ‘चकवा’ म्हणाला असेल आणि आपण ‘भूत’ लिहिले, तर त्याची अर्धी गोष्ट आपणच पुसली.

रात्री जे ऐकू येईल तेही टिपावे. दिवसा तापलेली सागवानी तुळई रात्री गार होताना कडकड वाजते आणि आढ्यातले गव्हाणी घुबड माणसासारखे किंचाळते. पावसाळ्यात गडावर धुके उतरले की दहा पावलांवरचा कंदीलही अधांतरी दिसतो. ही कारणे उजव्या पानावर जरूर लिहावीत, पण ती ऐकवून सांगणाऱ्याचे तोंड बंद करू नये. गोष्टीत मांत्रिकाचा उतारा किंवा अघोरी उपाय आला, तर तो उपाय म्हणून पुढे पसरवू नये. महाराष्ट्रात २०१३ पासून जादूटोणाविरोधी कायदा लागू आहे, आणि त्याहीपेक्षा अशा उपायांत खऱ्या माणसांचे हाल होतात.

घराचे व माणसांचे नाव परवानगीशिवाय कुठेही छापू नये. शेवटी लिहिलेले सगळे सांगणाऱ्याला मोठ्याने वाचून दाखवावे. ही पायरी कितीही घाई असली तरी गाळू नये. मी आजींना वाचून दाखवले, तेव्हा त्यांनी हातातली शेंग खाली ठेवून मला एकाच शब्दाशी थांबवले. मी ‘भोई चालतात’ असे लिहिले होते. “चालत न्हाईत,” त्या म्हणाल्या, “पळत्यात.”