फ्लॅटमध्ये गेम खेळण्यासाठी हेडफोन की स्पीकर : निवड आणि मांडणी कशी करावी

ठाणे आणि नवी मुंबईतल्या कितीतरी फ्लॅटमध्ये गेमिंगचे टेबल ज्या भिंतीला लावलेले असते, तिच्या पलीकडे शेजाऱ्यांची झोपण्याची खोली असते. हेडफोन घ्यावेत की स्पीकर, याचा विचार या भिंतीपासून आणि आपण कोणत्या वेळी काय खेळतो यापासून सुरू करावा. किंमत आणि कंपनी हे प्रश्न त्यानंतरचे आहेत.

पायरी १ : खेळण्याची वेळ आणि खेळाचा प्रकार पाहावा

नोकरी करून ट्रान्स हार्बरच्या लोकलने घरी परतणाऱ्या माणसाला खेळायला वेळ मिळतो तो बहुधा रात्रीच्या जेवणानंतर. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० प्रमाणे निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा ५५ डेसिबल, तर रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि खासगी साउंड सिस्टीमचा आवाज आपल्या जागेच्या हद्दीवर या मर्यादेच्या वर ५ डेसिबलपेक्षा अधिक जाता कामा नये. अर्थात नियमाचा आधार घेण्याची वेळ येण्यापूर्वीच सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर तक्रार झळकते. म्हणून रात्री खेळणाऱ्याने पहिली खरेदी हेडफोनचीच करावी. सुट्टीच्या दुपारी भावंडांनी एकाच पडद्यासमोर बसून क्रिकेट किंवा गाड्यांची शर्यत खेळायची असेल, तर मात्र स्पीकरच हवेत. चौघांनी चार हेडफोन लावून शेजारी शेजारी बसण्यात काही गंमत नाही.

पायरी २ : आवाजाची दिशा कळेल अशी सेटिंग करावी

व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक यांसारख्या नेमबाजीच्या खेळांत प्रतिस्पर्ध्याची पावले कोणत्या बाजूने येत आहेत हे ऐकूनच ओळखायचे असते. उजवीकडून आलेला आवाज डाव्या कानाला किंचित उशिरा आणि किंचित हळू ऐकू येतो. हा उशीर एका मिलिसेकंदाहूनही कमी असतो, तरी मेंदू त्यावरून बाजू ठरवतो. समोर, मागे, वर, खाली हा भेद प्रामुख्याने कानाच्या पाळीच्या आकारामुळे आवाजात होणाऱ्या बदलांवरून कळतो. स्पीकरवर खेळताना उजव्या स्पीकरचा आवाज डाव्या कानातही शिरतो, शिवाय भिंतींवरून परतलेला आवाज त्यात मिसळतो, त्यामुळे ही सूक्ष्म माहिती पुसट होते. हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला फक्त त्याच्या वाट्याचा आवाज मिळत असल्याने खेळाला ती माहिती हिशेबाने तयार करून देता येते. या प्रक्रियेला एचआरटीएफ म्हणतात, आणि वरील दोन्ही खेळांत तिची सोय आहे.

येथे एक काळजी घ्यावी. खेळातील एचआरटीएफ चालू असेल, तर आवाज चहूबाजूंनी येत असल्याचा भास निर्माण करणाऱ्या इतर सोयी, म्हणजे विंडोज सोनिक, डॉल्बी अ‍ॅटमॉस आणि हेडफोनच्या स्वतःच्या अ‍ॅपमधील सराउंड, या तिन्ही बंद ठेवाव्यात. एकाच आवाजावर दोनदा प्रक्रिया झाली की पावलांची दिशा उलट अधिकच गोंधळते. खोक्यावर ठळकपणे छापलेल्या ७.१ (सात स्पीकर आणि एक सबवूफर यांच्यासारखा सराउंड) या आकड्यासाठी जास्त पैसे मोजू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे. अशा बहुतेक हेडफोनमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज निर्माण करणारा भाग, असतो आणि बाकीचे काम सॉफ्टवेअर करते.

पायरी ३ : हेडफोन निवडावेत

पहिले हेडफोन वायरचे घ्यावेत. साध्या ब्लूटूथवर आवाज सेकंदाच्या दहाव्या भागाहूनही अधिक मागे पडू शकतो, म्हणजे बंदूक आधी चालते आणि बार नंतर ऐकू येतो. त्यातच ब्लूटूथ हेडफोनचा माइक सुरू केला की अनेकदा आवाजाचा दर्जा फोनवरच्या बोलण्याइतका खाली येतो. वायर नकोच असेल, तर यूएसबी डोंगलवर (संगणकाला लावायच्या छोट्या रिसीव्हरवर) २.४ गिगाहर्ट्झने चालणारा हेडसेट, म्हणजे माइकसह हेडफोन, पाहावा. जुन्या डेस्कटॉपला माइक आणि हेडफोन यांची दोन वेगळी भोके असतात. अशा वेळी एकाच पिनच्या हेडसेटसाठी स्प्लिटर, म्हणजे एका पिनच्या दोन पिना करणारी छोटी वायर, लागतो आणि तो मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सहज मिळतो.

घोडबंदर रोडसारख्या वर्दळीच्या रस्त्यालगत घर असेल, तर कान पूर्ण झाकणारे, पाठीमागून बंद असलेले हेडफोन उपयोगी पडतात. उघड्या पाठीच्या हेडफोनमध्ये आवाज अधिक मोकळा वाटतो आणि कानही कमी तापतात, परंतु पंख्याची घरघर आत येते आणि खेळाचा आवाज खोलीभर ऐकू जातो. आपल्या दमट हवेत कानांवर बसणाऱ्या रेक्झिनच्या गाद्यांचे पापुद्रे लवकर सुटतात, म्हणून कापडी आणि बदलता येणाऱ्या गाद्या असलेले मॉडेल घ्यावे.

पायरी ४ : स्पीकर मांडावेत

दोन स्पीकर आणि आपले डोके यांचा समभुज त्रिकोण व्हावा आणि स्पीकरचे तोंड कानाच्या उंचीवर यावे. सामाईक भिंतीला ते टेकवू नयेत आणि खाली रबर किंवा फोमचे तुकडे ठेवावेत. सबवूफर टाळलेलाच बरा, कारण जड आवाज भिंत आणि स्लॅब यांतून सहज पार होतो व खालच्या मजल्यावर धडधड पोहोचते. खोलीच्या मध्यभागी टाळी वाजवून पाहावी. ती घुमत असेल, तर जाड पडदे लावावेत आणि लादीवर सतरंजी अंथरावी.

पायरी ५ : आवाज मर्यादेत ठेवावा

हेडफोनचा खरा धोका येथे आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार प्रौढांसाठी ८० डेसिबल हा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत सुरक्षित मानला जातो, आणि दर ३ डेसिबल वाढीमागे ही मुदत निम्मी होते. म्हणजे ८३ ला २० तास आणि ८६ ला १०. मुलांसाठी मर्यादा ७५ डेसिबल आहे. पंखा बंद करून, शांत खोलीत पावले जेमतेम स्पष्ट ऐकू येतील इतकाच आवाज लावावा आणि व्हॉल्यूमचा तो आकडा लिहून ठेवावा. पंखा सुरू केल्यावर हात आपोआप आवाज वाढवायला जातो, तेव्हा हा आकडा कामी येतो. खेळात नाइट मोडचा पर्याय असेल, तर तो निवडावा. त्याने स्फोट दबतात आणि बारीक आवाज उठून येतात.

पायरी ६ : माइक आणि दोन्हींतील अदलाबदल

मित्रांशी बोलत खेळताना स्पीकर बंद ठेवावेत, अन्यथा त्यांचाच आवाज माइकमधून त्यांना परत ऐकू जातो. बंद हेडफोनमध्ये स्वतःचा आवाज कळत नाही आणि माणूस नकळत ओरडू लागतो. रात्री साडेबाराला आई उठून येते ती बहुधा यामुळेच. हेडसेटमध्ये साइडटोनची, म्हणजे आपलाच आवाज आपल्याला कानात ऐकवण्याची, सोय असल्यास ती चालू करावी, नसल्यास एक कान थोडा मोकळा ठेवावा. घरात हेडफोन आणि स्पीकर दोन्ही असतील, तर दोन्ही कायम जोडून ठेवावेत. विंडोज ११ मध्ये विंडोज, कंट्रोल आणि व्ही ही बटणे एकत्र दाबली की साधनांची यादी समोर येते आणि तेथून हवे ते निवडता येते.