नागपुरात घरचं पिकवून खायचं असेल तर सुरुवात पावसाळ्यात करा

घरची भाजी लावायची हौस पुष्कळांना येते आणि ती नेमकी फेब्रुवारी-मार्चमध्ये येते, थंडी ओसरलेली असते, गच्चीवर बसायला छान वाटते, मग कुंड्या आणतात, टोमॅटोची रोपं लावतात आणि एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या वर गेला की सगळं वाळून जाते. मग म्हणतात आपल्याला जमत नाही. जमते हो, फक्त वेळ चुकते. टोमॅटोला ३५ डिग्रीच्या वर फूल टिकवणं कठीण जाते, ते गळून पडते, त्यात तुमच्या हाताचा काही दोष नसतो.

माझं म्हणणं एवढंच आहे की नागपूरच्या उन्हाशी भांडू नका. जून ते फेब्रुवारी पिकवा, मार्च ते मे वाळवा आणि साठवा. आपल्या आज्या हेच करत होत्या, पापड-कुरड्या काय उगाच उन्हाळ्यात होत नाहीत.

आता मे महिन्यात काय करायचं तर माती. शहराच्या कडेला बेसा, हुडकेश्वरकडे लेआउटमध्ये, म्हणजे प्लॉट पाडलेल्या वस्तीत घर असेल तर मागे-पुढे थोडी तरी काळी माती मिळते. ही माती ताकदीची आहे पण उन्हाळ्यात भेगा पडतात आणि पावसात ती फुगून चिकट होते, पाणी मुरत नाही, मुळं सडतात. म्हणून जमिनीत लावायचं असेल तर वीतभर उंच गादीवाफे करा आणि मधे पाणी जायला चर ठेवा. कुंडीत नुसती काळी माती कधीच भरू नका, पाणी कमी पडलं की विटेसारखी होते. निम्म्यापेक्षा थोडी कमी माती, उरलेल्यात निम्मं चांगलं कुजलेलं शेणखत आणि निम्मं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा जाड रेती. गच्ची असेल तर रेतीपेक्षा कोकोपीटच बरं, वजन कमी पडते, आणि बॅगा (कुंडीऐवजी झाडं लावायच्या पिशव्या) स्लॅबच्या मधोमध न ठेवता भिंतीच्या कडेने, बीमवर येतील अशा ठेवा. वांगी-मिरची-भेंडीला १२ इंची बॅग पुरते, वेलाला १५-१८ इंची घ्या.

खत विकत घेण्याआधी घरचा ओला कचरा बघा. भोकं पाडलेला जुना ड्रम घ्यायचा, एक थर भाजीची सालं, त्याच्यावर दुप्पट सुका पाला, थोडं ताक नाहीतर शेणाचं पाणी, आणि झाकून ठेवायचं. वास आला म्हणजे ओलं जास्त झालं, पाला टाका. काहीच होत नसेल तर कोरडं पडलं, पाणी शिंपडा, उन्हाळ्यात इकडे हाच त्रास जास्त असतो. दोन-तीन महिन्यांत काळं खत तयार होते. कडुलिंबाचा, गुलमोहराचा पाला लोक जाळतात तेव्हा फार वाईट वाटते, पोती भरून ठेवा न तो, वर्षभर पुरतो.

जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं पातळ खत, ते पण करून पाहा. झिरो बजेट, म्हणजे विकतचं खत-औषध न वापरता शेती सांगणारे सुभाष पाळेकर आपल्या विदर्भातलेच, अमरावती जिल्ह्यातल्या बेलोऱ्याचे, २०१६ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचं माप एकराचं आहे, घरासाठी ते कमी करून २० लिटर पाणी, १ किलो ताजं शेण, १ लिटर गोमूत्र, २०० ग्रॅम गूळ, २०० ग्रॅम बेसन आणि झाडाखालची मूठभर माती. सावलीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ काठीने ढवळायचं, दोन-तीन दिवसांत तयार होते आणि आठवड्याच्या आत संपवायचं.

पहिला चांगला पाऊस झाला की पेरा. सुरुवातीला भेंडी, बरबटी (चवळीच्या शेंगा), गवार, आंबाडी आणि दोन वेल, एक लवकी (दुधी भोपळा) एक दोडकं. कुंपणाच्या कडेने तुरीचे चार दाणे टोचून द्या, काही करावं लागत नाही आणि डिसेंबरमध्ये सोले (तुरीचे ओले दाणे) घरचे मिळतात, सोलेभाताला बाजारात जायचं काम नाही. आंबाडीच्या पानांची भाजी तर होतेच, लाल बोंडाची असेल तर दिवाळीच्या आसपास बोंडं काढून वाळवा, सरबताला उन्हाळ्यात कामी येतात. गोडलिंब (कढीपत्ता) आणि शेवगा एकदा लावला की कायमचा, पण शेवगा छातीएवढा झाला की शेंडा खुडा, नाहीतर शेंगा तिसऱ्या मजल्यावर लागतील.

वेलाबद्दल सगळे एकच विचारतात, फुलं खूप येतात पण लवकी धरत नाही. आधी नुसती नर फुलं येतात, घाबरायचं नाही. मादी फुलाच्या मागे बोटाएवढी लवकी दिसते, नर फुलाला नुसता देठ असतो. लवकीची आणि दोडक्याची फुलं संध्याकाळी उमलतात, तेव्हाच नर फूल तोडून त्याचा पराग मादी फुलाच्या मधोमध हलकेच लावा. कोहळ्याचं उलट, ते पहाटे उमलते, सकाळी लवकर करा.

मावा-तुडतुडे या किडींसाठी निंबोळ्या जमवा, जूनमध्ये झाडाखाली सडा पडलेला असतो, सावलीत वाळवून ठेवा. ५० ग्रॅम कुटून एक लिटर पाण्यात रात्रभर भिजवायच्या, गाळून थोडं साबणाचं पाणी टाकून संध्याकाळी फवारायचं. कीड दिसायला लागली की लगेच करा, झाड भरल्यावर उपयोग कमी होते.

ऑक्टोबर-नोव्हेंबर म्हणजे नागपूरचा खरा भाजीचा हंगाम. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर), मुळा, गाजर, लसूण, पानकोबी, टोमॅटो सगळं येते. सांबार-मेथी एकदम नका पेरू, दर पंधरा दिवसांनी थोडी थोडी टाका. बी घरचंच धरा, भेंडीची, बरबटीची एक-दोन चांगली शेंग झाडावरच वाळू द्या आणि राखेत घोळून बाटलीत ठेवा. हायब्रीडचं बी मात्र धरू नका, पुढच्या वर्षी तसं झाड येत नाही, त्यासाठी गावरानच पाहिजे.

मार्चपासून हिरवी नेट बांधा, बुडाशी पाल्याचा जाड थर द्या, पाणी सकाळी सहा-सातला. कूलरच्या टाकीतलं जुनं पाणी रोज झाडांना देऊ नका, पाणी उडून क्षार मागे राहतात आणि पानाच्या कडा करपतात. या दिवसांत जगवायचं ते गोडलिंब, शेवगा, मिरची, वांगी आणि थोडी चवळाईची पालेभाजी, बाकी बॅगा रिकाम्या करून माती उन्हात पसरा, किडीची अंडी मरतात.

आणि गच्ची मोकळी झाली की वाळवण. जास्तीच्या वांग्याच्या चकत्या मिठाच्या पाण्यातून काढून पांढऱ्या कपड्यावर पसरा, कडक उन्हात दोन-तीन दिवसांत कडकडीत होतात, गवार-मेथी पण अशीच, मेथी तेवढी सावलीत. ह्या खुला, म्हणजे वाळवलेल्या भाज्या, पावसाळ्यात भाजी महाग असते तेव्हा काढायच्या, तासभर भिजवून आलू टाकून रस्सा. गहू, तूर, जवस घरी होत नाही, ते ओळखीच्या शेतकऱ्याकडून निघाल्यावर एकदाच वर्षाचं घ्या, ऊन दाखवून, पूर्ण थंड झाल्यावरच वाळलेला कडुलिंबाचा पाला टाकून कोठीत भरा, गरम भरलं तर आत दमटपणा धरते आणि सोंडे (धान्यातले किडे) पडतात.