नाणी लॉकरात की घरात? बेळगावच्या पावसात संग्रह सांभाळताना

नाणी घरात ठेवावीत की बँकेत, हा प्रश्न अख्ख्या संग्रहाला एकदम विचारला की उत्तर सापडत नाही. एकेका नाण्याला विचारायचा. हे गेलं तर दुसरं मिळेल का? आणि हे वरचेवर हातात घ्यावंसं वाटतं का? 1957 चा नया पैसा, 1943 पासूनचा भोकाचा पैसा, ॲल्युमिनियमचे षटकोनी तीन पैसे, झिजलेला पंचम जॉर्जचा रुपया ही पुन्हा मिळणारी नाणी, ती घरात. सोन्याचा होन, आदिलशाही लारी (दुमडलेल्या चांदीच्या तारेचं नाणं), टांकसाळीचं नाव पुरतं उमटलेला मराठेशाही रुपया ही लॉकरात. अधलीमधली नाणी घरातच, पण तिजोरीच्या आतल्या कुलपात ठेवावीत.

वाटणी करायच्या आधी नोंदवही. प्रत्येक नाण्याला क्रमांक द्या. 0.01 ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या छोट्या काट्यावर वजन घ्या, व्हर्नियरने व्यास मोजा (जबडे हलक्या हाताने टेकवा, आवळू नका), दोन्ही बाजूंचे फोटो काढा. ओरखडा, कडेचा खड्डा, सराफाने मारलेली खूण अशी ओळख आवर्जून लिहा. व्हिक्टोरियाचा चांदीचा रुपया 11.66 ग्रॅमचा, झिजलेला थोडा कमी भरतो, पण दहाच्या आत आला तर शंका घ्यायला जागा आहे. वहीची एक प्रत घरातल्या दुसऱ्या माणसाकडे हवीच. चोरी झाली तर पोलिसांत सांगायला फोटो आणि वजनाइतकं कामाचं दुसरं काही नसतं. शिवाय लॉकरातल्या नाण्याचा चांगला फोटो घरी असला की निम्मी हौस त्यावर भागते.

आता पाकिटं. इथेच सगळ्यात जास्त नाणी बिघडतात. मऊ, वास येणारे, पारदर्शक प्लास्टिकचे स्वस्त अल्बम बहुधा पीव्हीसीचे असतात. त्यातला मऊपणा आणणारा पदार्थ हळूहळू बाहेर येतो आणि नाण्यावर चिकट हिरवा थर धरतो. तांब्याचं नाणं तर खाल्लं जातं. मायलरच्या, म्हणजे पातळ पारदर्शक पॉलिएस्टरच्या, खिडकीची पुठ्ठ्याची पाकिटं घ्या, किंवा ॲक्रिलिकच्या गोल डब्या. पाकिटाला मारलेल्या पिना पकडीने दाबून सपाट करा, नाहीतर एका पाकिटाची पिन शेजारच्या नाण्यावर ओरखडा काढते. शिवराई, म्हणजे शिवाजी महाराजांच्या काळापासूनचं तांब्याचं नाणं, जाड आणि वेडीवाकडी असते. तिला या पाकिटात कोंबलं की खिडकी फाटते. तिला खोल डबी लागते. लारी तारेचीच. ती पॉलिप्रॉपिलीनच्या (पीव्हीसी नसलेल्या प्लास्टिकच्या) लांबट पिशवीत ठेवावी आणि सरळ करायचा मोह टाळावा, कारण जुनी चांदी ठिसूळ झालेली असते आणि तडकते.

हिरवा चिकट थर आलाच असेल तर शुद्ध ॲसिटोन काचेच्या वाटीत घेऊन नाणं पाच-दहा मिनिटं बुडवा, बाहेर काढून आपोआप वाळू द्या. चोळायचं नाही. खिडक्या उघड्या, गॅस-समई लांब. नेलपॉलिश काढायचं द्रव चालत नाही, त्यात तेल आणि रंग असतात. चिंच, लिंबू, राख, भांडी घासायची पावडर यांनी घासलेलं नाणं चकचकीत दिसतं खरं, पण वरचा मूळ थर निघून गेलेला असतो आणि तो परत येत नाही. तांब्यावर फिकट हिरवी, भुकटीसारखी सुटणारी पूड दिसली तर तो क्लोराइडचा रोग, म्हणजे क्षारामुळे धातू आतून खात जाणारा गंज आहे. ते नाणं त्याच दिवशी वेगळ्या, अगदी कोरड्या डब्यात हलवा.

दमटपणा ही आपल्या भागातली खरी अडचण. खानापूरकडे आषाढात भिंतींना ओल येते, कपाटातल्या चामड्याच्या चपलेवर बुरशी धरते. तिथे नाणी सुटतील कशी? हवेतली आर्द्रता 40 ते 50 टक्क्यांच्या मध्ये ठेवायची. त्यासाठी घट्ट झाकणाचा पॉलिप्रॉपिलीनचा डबा, आत छोटा आर्द्रतामापक आणि 20 लिटरच्या डब्याला साधारण 100 ग्रॅम सिलिका जेल (ओल शोषणारे दाणे), सुती पुरचुंडीत. झाकणाची रिंग सिलिकॉनची असावी. काळ्या रबरात गंधक असतं, त्याने चांदी काळी पडते. केशरी जेल ओलं झालं की हिरवं होतं. मग जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर परतत रंग परत आणा, निवल्यावरच पुरचुंडीत भरा. ती कढई पुन्हा स्वयंपाकाला घेऊ नका. आणि डबा बंद करायचा तो उघडीप असताना. झडीच्या दिवशी बंद केला तर ओल आतच कोंडते.

लाकडी पेटी, प्लायवूडचा ड्रॉवर, लोकरीचं कापड, वर्तमानपत्र, डांबरगोळ्या यांपासून नाणी लांब ठेवा. या सगळ्यांतून धातूला बाधणारी वाफ सुटते.

लॉकरात हाच डबा लहान आकारात ठेवायचा, कारण स्ट्राँगरूममध्ये वारा खेळत नाही. लॉकर घ्यायच्या आधी दोन गोष्टी विचारा. पहिली, स्ट्राँगरूम कुठल्या मजल्यावर आहे. 2019 च्या ऑगस्टमधला पूर निपाणी, चिकोडी, गोकाक भागाने पाहिला आहे. तळघरातली खोली नको. दुसरी, भाडं किती. रिझर्व्ह बँकेच्या 1 जानेवारी 2022 पासूनच्या नियमांप्रमाणे आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणं किंवा कर्मचाऱ्याची अफरातफर यांत बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभरपट इतकीच. दोन हजार भाडं असेल तर दोन लाख. बँकेचा हलगर्जीपणा नसेल तर पूर-भूकंपात तेही नाही. त्याहून किमती संग्रहाचा वेगळा विमा बघा, आणि त्यात नाणी धरली आहेत हे लेखी घ्या.

लॉकरासाठी नॉमिनी नेमा. आपल्याकडे कन्नड, मराठी आणि इंग्रजीत नाव तीन तऱ्हांनी लिहिलं जातं. करारावरचं आणि आधारवरचं स्पेलिंग एकच आहे ना, हे सही करण्याआधी बघा. सात वर्षं लॉकर उघडला नाही आणि मालकाचा पत्ता लागला नाही, तर भाडं भरलेलं असूनही बँक पुढची कारवाई करू शकते. वर्षातून दोनदा तरी जा: मृगाच्या आधी आणि दिवाळीनंतर. जेल बदला, प्रत्येक पाकीट उजेडात धरून बघा. म्हणूनच लॉकर जवळच्या शाखेत असावा. कोल्हापूरच्या पाहुण्यांच्या बँकेत ठेवलेला लॉकर उघडायला कुणी जात नाही.

घरातली नाणी मात्र खरोखर हाताळा. टेबलावर जाड टॉवेल अंथरा, हात धुऊन पूर्ण कोरडे करा, नाणं कडेने धरा, टॉवेलपासून चार बोटं वर. नाण्यावर तोंड नेऊन बोलू नका, थुंकीच्या थेंबाचा डाग वर्षभराने उमटतो. तिरप्या उजेडात, दिव्याखाली हळू फिरवत शिवराईवरचं ‘श्री राजा शिव’ वाचता येतं तेव्हा जो आनंद होतो तो लॉकर देऊ शकत नाही. मुलांना दशमान नाणी द्या आणि त्यांच्याकडूनच वजन करून वहीत लिहवून घ्या. रस्त्यावरून दिसेल अशी भिंतीवर फ्रेम नको, आणि घर ओळखू येईल असा फोटो व्हॉट्सॲपवर नको.

देव्हाऱ्यासाठी एक झिजलेला रुपया कायमचा बाजूला काढावा. लक्ष्मीपूजनाला संग्रहातला चांगला रुपया काढू नका, पंचामृत आणि कुंकू त्याच्या अक्षरांच्या खाचांत बसतं. पूजेचा रुपया साध्या पाण्यात धुवा, मऊ सुती कापडाने टिपा, रात्रभर उघड्यावर वाळू द्या आणि परत देव्हाऱ्यातच ठेवा, संग्रहाच्या डब्यात नको.