म्हातारा कुत्रा घरी कसा आणावा, आणि त्याला निरोप कसा द्यावा

गेल्या १४ वर्षांत मी शेल्टरमधून ६ म्हातारे कुत्रे घरी आणले. त्यातल्या ५ जणांना निरोप दिला. कुत्रा आणण्याबद्दल लोक भरभरून सांगतात. निरोपाचा, म्हणजे हाल थांबवायला इंजेक्शन देऊन शांत मरण देण्याचा, विषय निघाला की मात्र ‘वेळ आली की आपोआप कळतं’ एवढं म्हणून थांबतात. हा सल्ला घातक आहे. माझ्या बाळू या कुत्र्याच्या वेळी मला कळलं नव्हतं आणि त्याचे हाल झाले. म्हणून आणण्याचा भाग इथे थोडक्यात उरकते.

घरी आणताना

वयावर अडून बसू नका. शेल्टरवाले दातांवरून अंदाज सांगतात, पण रस्त्यावर वाढलेल्या कुत्र्याचे दात हाडं-दगड चावून लवकर झिजतात. दोनेक वर्षं इकडेतिकडे होणारच.

आणल्या आठवड्यातच रक्त आणि लघवी तपासून घ्या. सीबीसी (रक्तपेशींची मोजणी), क्रिएटिनिन (किडनीसाठी), लिव्हर आणि गोचीडतापाची (गोचीड चावून येणाऱ्या तापाची) तपासणी. आपल्याकडे गोचीडताप इतका पसरलेला आहे की ‘दिसायला तर बरा दिसतोय’ याला काही अर्थ नाही. मादी असेल आणि ऑपरेशन झालेलं नसेल, तर सोनोग्राफी करा. म्हाताऱ्या माद्यांच्या गर्भाशयात पू होतो. खूप पाणी पिणं आणि जेवणावरून मन उडणं ही त्याची पहिली लक्षणं, आणि त्यात जीव जातो. कानाला व्ही आकाराची खाच असेल, तर तिचं नसबंदीचं ऑपरेशन आधीच झालेलं आहे असं समजा.

रस्त्यावरच्या कुत्र्याच्या लघवीच्या जागी गाठ दिसते, रक्त ठिबकतं, आणि लोक ‘कॅन्सर आहे’ म्हणून त्याला सोडून जातात. ही गाठ बहुतेक वेळा एका कुत्र्याकडून दुसऱ्याला लागणारी असते. विन्क्रिस्टीन या कॅन्सरवरच्या औषधाची इंजेक्शनं आठवड्याला एक अशी काही आठवडे दिली की बहुतेक कुत्रे पूर्ण बरे होतात. निव्वळ या गाठीपायी नाकारलेले कितीतरी चांगले कुत्रे मी पाहिले आहेत.

घरातल्या गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या टाका, मागचे पाय घसरतात. पहिला आठवडा आंघोळ नको. पहिल्या रात्री त्याच खोलीत झोपा. रेबीजची लस आणि पालिकेचा परवाना करून टाका.

एक वही घाला

महिनाभरात कुत्रा रुळला की त्याच्या ५ आवडी तारीख टाकून लिहून ठेवा. ‘खेळकर आहे’, ‘प्रेमळ आहे’ असलं काही लिहू नका, तो नेमकं काय करतो ते लिहा. माझ्या ठमी या कुत्रीच्या वहीत असं होतं: सकाळी गॅलरीतल्या उन्हात पाठ शेकत पडते. दुधवाल्याची सायकल ऐकली की दाराशी जाऊन बसते. भाकरीचा पापुद्रा आधी खाते. मी भाजी चिरताना गाजरासाठी पायावर पंजा ठेवते. संध्याकाळी पानटपरीपर्यंत जाते आणि तिथे मागच्या पायाने माती उडवते.

या वहीला दहा मिनिटं लागतात, आणि पुढे सगळा भार तिच्यावर येतो. बाळूची अशी वही माझ्याकडे नव्हती.

मधल्या काळात

गुडघे-कंबर दुखते म्हणून माणसांची पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन कधीही देऊ नका. कुत्र्याचं लिव्हर आणि किडनी त्याने जाते. दुखण्याचं औषध डॉक्टर देतील तेच आणि तेवढंच.

एक दिवस म्हातारा कुत्रा अचानक मान वाकडी करून गोल फिरू लागेल, कोसळेल, डोळ्यांची बुबुळं सरसर हलतील. सगळे म्हणतील लकवा मारला, आता संपलं. त्या घटकेला कुठलाही निर्णय घेऊ नका. हा बऱ्याचदा आतल्या कानाचा, तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेचा बिघाड असतो आणि तीन-चार दिवसांत उतरू लागतो. डॉक्टरांना दाखवा, उलटीचं औषध घ्या, हाताने पाणी पाजा. ठमीला हे झालं तेव्हा एका नातेवाइकाने ‘आजच सोडवा तिला’ म्हणून फोन केला होता. ती त्यानंतर १४ महिने जगली.

दिवस ठरवणं

आता खरा अवघड भाग.

बाळू ११ वर्षांचा लॅब्राडोर. घर बदलताना मालक त्याला शेल्टरच्या फाटकाला बांधून गेले होते. पाळलेलं जनावर असं टाकून देणं १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, तरी रोज घडतं. माझ्याकडे तो दीड वर्ष राहिला. मग किडन्या गेल्या. शेवटचे ९ दिवस मी त्याला रोज सलाइन लावून आणत होते. उठता येत नव्हतं म्हणून खाली वर्तमानपत्रं घालत होते. कूस बदलायला त्याला उचललं की पोटाच्या उघड्या कातडीवर पेपरची शाई उमटलेली दिसायची. त्याने चमचाभर दही चाटलं की मी घरभर सांगायचे, आज खाल्लं त्याने. नवव्या रात्री तीन वाजता त्याला झटके आले. उघडा दवाखाना शोधत आम्ही रिक्षातून फिरत होतो. तो माझ्या मांडीवर, रिक्षातच, झटक्यांमध्ये गेला.

‘त्याचं त्याला जाऊ द्या, आपण कोण ठरवणारे’ असं मला तेव्हा सगळ्यांनी सांगितलं होतं, आणि मलाही ते ऐकायला हवंच होतं. पण ते ९ दिवस निसर्गाने दिलेले नव्हते. सलाइन लावून मीच ते वाढवले होते. जो माणूस औषधाने आयुष्य लांबवतो, त्याने शेवट मात्र निसर्गावर सोडला म्हणणं खोटं आहे. पापाची भीती घालणारे येतील. त्यांना एक रात्र कुत्र्यापाशी बसायला सांगा.

तेव्हापासून मी दिवस असा ठरवते.

रोज रात्री कॅलेंडरवर खूण करायची: दिवस चांगला गेला तर गोल, वाईट गेला तर फुली. खूण त्याच दिवशी करा, आठवणीवर भरवसा ठेवू नका, कारण आठवण तेवढं चाटलेलं दहीच लक्षात ठेवते. सोबत वही उघडायची. पाचांपैकी तीन आवडी आठवडाभर बंद असतील आणि त्यामागचं कारण बरं होण्यासारखं नाही असं डॉक्टर म्हणत असतील, तर वेळ आली आहे. शेपूट हलवतो, हे कारण धरू नका. बाळूने आठव्या दिवशीही हलवली होती.

अमेरिकेतल्या पशुवैद्य अ‍ॅलिस व्हिलालोबोस यांची गुण देण्याची पद्धत अनेक डॉक्टर वापरतात. वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल आणि वाईटापेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का, अशा ७ गोष्टींना प्रत्येकी १० पैकी गुण. बेरीज ३५च्या वर असेल तर काळजी घेत पुढे जाता येतं. घरात मतभेद असतील तर प्रत्येकाने वेगवेगळे गुण द्यावेत. पण माझं मत पक्कं आहे: वेदना आटोक्यात नसेल किंवा श्वास घेणं जड जात असेल, तर बेरीज ४५ आली तरी ती बाजूला ठेवा. शांत झोपेत कुत्र्याचा श्वास मिनिटाला ३०च्या आत असतो. घड्याळ लावून मोजा. सतत त्याच्या वर जात असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा.

मग डॉक्टरांना सरळ विचारा, “तुमचा कुत्रा असता तर तुम्ही काय केलं असतं?” ‘तुम्ही ठरवा’ म्हणणारे डॉक्टरही या प्रश्नाला खरं उत्तर देतात. उत्तर मिळालं की दोन-तीन दिवसांतली सकाळ ठरवा. परदेशातून कुणी येईपर्यंत थांबू नका. दिवाळीत फटाके सुरू होण्याची वेळ टाळा. आठवडाभर लवकर झाल्याची हुरहूर मला ठमीच्या वेळी लागली, अजूनही लागते. बाळूच्या वेळी उशीर झाल्याचं जे वाटतं, त्याच्यापुढे ती काहीच नाही.

त्या सकाळी

डॉक्टरांना घरी बोलवा. स्टीलच्या टेबलावर, भुंकणाऱ्या अनोळखी कुत्र्यांच्या मध्ये नको. आधी दोन गोष्टी विचारून घ्या: अगोदर झोपेचं इंजेक्शन देणार का, आणि शिरेत सुई लावून ठेवणार का? दोन्हीला ‘हो’ येत नसेल तर दुसरे डॉक्टर बघा. पैसे आदल्या दिवशीच देऊन टाका.

पहिल्या इंजेक्शनाने काही मिनिटांत त्याला गाढ झोप लागते. बोलायचं ते त्याआधी बोलून घ्या. दुसरं म्हणजे भूल देण्याच्या औषधाचा मोठा डोस, त्याने हृदय थांबतं. डोळे उघडेच राहतात. लघवी होऊ शकते, म्हणून खाली जाड चादर घाला. थोड्या वेळाने एखादा मोठा श्वास आल्यासारखा किंवा अंग थरथरल्यासारखं वाटेल. तो परत आलेला नसतो, ते स्नायू असतात. हे आधी कुणी सांगितलं नाही तर माणूस हादरतो.

तुम्ही तिथेच थांबा. ‘मला बघवणार नाही’ म्हणून बाहेर जाऊ नका, तो दाराकडे बघत राहतो. मुलांना ‘झोपवलं’ असं सांगू नका, मेला असं सांगा, नाहीतर ती रात्री झोपायला घाबरतात. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्याला हुंगू द्या.

नंतर

दहनाची सोय पालिकेकडे आधी विचारून ठेवा. मुंबईकरांसाठी मालाडला महापालिकेची गॅसवरची दहनभट्टी आहे. शेतात पुरणार असाल तर चार फूट खोल, विहिरीपासून लांब. उघड्यावर टाकू नका, ते औषध शरीरात राहतं आणि खाणारे पक्षी-प्राणी मरतात. न उघडलेली औषधं शेल्टरला द्या.

आणि वॉचमन, दुधवाले, टपरीवाले यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवा. मी सांगितलं नव्हतं. ठमी गेली त्या संध्याकाळी मी एकटीच खाली उतरले, तेव्हा टपरीवाल्या काकांनी गाजराचा तुकडा पुढे करून विचारलं, “आज आजी कुठाय?”